रहदारी निरंक

तानबा भोयर रोज सकाळी साडेसहाला सायकलवर बसत असे, आणि त्यासाठी त्याने कोणाचीही परवानगी घेतलेली नव्हती. हा प्रकार सात महिने राजरोस चालू होता. केळझरच्या मागून टेकड्यांत शिरणारी मुरमाची पांदणवाट, हँडलला लटकवलेली बकरीच्या दुधाची बरणी आणि टेकडीपलीकडच्या गावात दिलेली लेक वर्षाली, एवढ्यावर सारा कारभार चाले.

वर्षालीची पोरगी अशक्त जन्मली होती. तिला गाईचं दूध पचेना, डब्याचं पचेना. आजोबाच्या बकरीचं तेवढं पोटात टिके. बकरीच लेकीच्या दारी बांधून पाहिली होती. तिथे तिनं आठ दिवस थेंब दिला नाही. तानबाच्या बायकोचा, सुलोचनाबाईचा, हात लागल्याशिवाय पान्हा सोडायचा नाही, असा त्या बकरीचा नियम होता, आणि या गोष्टीतला अर्थ असलेला नियम तेवढाच. पांदणीनं चार किलोमीटर. डांबरी सडकेनं वळसा घातला तर सतरा. बासष्ट वर्षांच्या माणसानं चढाव ढकलत, वैशाखाच्या उन्हातून सतरा किलोमीटर नेलेल्या दुधाला आपल्याकडे दूध म्हणत नाहीत.

सन दोन हजार दोनच्या माघात त्या पांदणीवर एक जीप येऊन रुतली. जीपमध्ये वर्ध्याच्या जिल्हा कचेरीतले योगेंद्रसाहेब होते. साहेबांनी एका गुळगुळीत मासिकात भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांचे फोटो पाहिले होते. तिथले सुखी लोक जाड टायरच्या सायकली घेऊन खडीच्या निवांत वाटांवर जातात, डोंगर चढतात, उतरतात, आणि वाटेत त्यांना कोणी भेटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आपल्या जिल्ह्यातही टेकड्या आहेत, खडी तर हवी तेवढी आहे. मग आपणच मागे का? या विचारानं साहेबांची झोप उडाली आणि 'निवांत सायकल मार्ग समिती' नावाची एक समिती जन्माला आली.

तानबानं जीपला खांदा दिला. साहेबांनी रुमालानं बूट पुसले आणि विचारलं, "बाबा, या वाटेवर रहदारी किती असते?"

"रहदारी कायची साहेब? कुत्रं नाई फिरकत इकडे. मीच येतो अन् मीच जातो."

"तुम्हाला रहदारी म्हणत नाहीत."

तानबाला हे ऐकून बरं वाटलं. आपण कोणाच्या अध्यातमध्यात नाही, हे साहेबांनीही ओळखलं.

साहेबांनी फाइल उघडली. मार्ग निवांत असल्याबद्दल स्थानिक रहिवाशाचा दाखला लागत होता. "इथे अंगठा द्या."

"अंगठा काऊन?" तानबा दुखावला. "मले सही येते."

आणि ती येत होतीच. अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात तो सही शिकला होता. अक्षरं अजून पुरती ओळखीची झाली नव्हती, वाचताना ती एकेक करून पुढे येत आणि मागची निघून जात. पण सही पक्की होती. तेव्हापासून समोर येईल त्या कागदावर तो सही करी. गेल्या चार वर्षांत त्यानं दारूबंदीच्या अर्जावर सही केली होती, दारू दुकानाच्या ना हरकतीवर केली होती, आणि शेजारच्या लग्नपत्रिकेवर, ती हातात दिली म्हणून, केली होती. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, एक बिडी संपेल एवढा वेळ घेऊन त्यानं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा सुलोचनाबाई शेण काढत होती. "अवो, पण वाचलं का त्याच्यात काय लिवलं हाय?"

"सही कराची असते, वाचाची नसते. मोठमोठे साहेब बी तसंच करते."

"मंग झालं," सुलोचनाबाई म्हणाली. "आता काईतरी होईनच."

झालं. महिन्याभरात मार्ग मंजूर झाला. पांदणीचा मुरूम हा पिढ्यान्‌पिढ्या आपोआप पडलेला, म्हणजे कोणत्याही निविदेशिवाय पडलेला असल्यामुळे तो उचलून फेकण्यात आला आणि त्या जागी मंजूर मापाची खडी आणली. ती आणायला टिप्पर दीड महिना चालले. मोर पळाले. मग निवांतपणा कमी झाल्याचं समितीच्या ध्यानात आलं, म्हणून दर शंभर मीटरवर 'शांतता राखा'चे लोखंडी फलक ठोकले. ते ठोकण्याच्या आवाजानं ससेही गेले. उद्घाटनाला बँड होता आणि भोंग्यावरून दोन तास शांततेचं महत्त्व सांगितलं गेलं.

दुसऱ्या दिवशी तानबा बरणी घेऊन निघाला, तर वाटेच्या तोंडाशी फाटक. फाटकाशी शिट्टी गळ्यात घालून चंद्रभान. हा तानबाच्या आळीतला, लहानपणी त्याच्याच सायकलवर सायकल शिकलेला.

"तानबाभाऊ, नाई जाता येत. फक्त सायकलवाल्यायचा रस्ता हाय."

"मंग मी काय रणगाड्यावर बसलो का रे?"

"अशी सायकल नाई चालत. घंटी नाई पाह्यजे. आवाज होते."

तानबानं घंटी काढून खिशात टाकली.

"कॅरिअर नाई पाह्यजे. फोटोत चांगलं नाई दिसत."

तानबानं पाना मागून आणला, कॅरिअर काढलं.

चंद्रभाननं कागद पुन्हा पाहिला. त्याचा चेहरा पडला. "बरणी बी नाई पाह्यजे, भाऊ. अन् टायर सव्वादोन इंची पाह्यजे. अन् मुख्य म्हणजे, तुमीच नाई पाह्यजे."

"काऊन?"

"तसं लिवलं हाय. सही तुमचीच हाय, खाली रेघ बी हाय."

त्या दिवशी दूध सडकेनं गेलं. पोचेपर्यंत त्याचे गोळे झाले होते. सकाळपासून उपाशी पोर रडून रडून थकली होती आणि वर्षालीनं फडक्यात गाळलेल्या पाण्याकडे बघत विचारलं, "बाबा, उद्या तरी लवकर येसान ना?" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी नवराबायको एसटीनं वर्ध्याला गेले. नासलेल्या दुधाची बरणी सुलोचनाबाईच्या मांडीवर होती. शेजारची सीट तिकीट काढूनही कोणी घेतली नाही.

योगेंद्रसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि खिडकी उघडली. मग फाइल काढून वाचून दाखवलं: "'मी खाली सही करणार, लिहून देतो की, सदर मार्गावर माझ्यासह कोणीही येत-जात नाही. रहदारी निरंक.' ही तुमची सही ना?"

"माहीच."

"सुंदर अक्षर आहे. आता तुम्ही मार्गावरून गेलात तर हा दाखला खोटा ठरेल. खोटा दाखला देणं हा गुन्हा आहे, बाबा. आम्ही फाटक तुमच्या संरक्षणासाठी लावलं आहे."

तानबा गडबडला. "मंग दुसरं लिहून देतो साहेब. मी येतो अन् जातो म्हणून."

"मग मार्ग निवांत राहत नाही. निवांत नाही तर मंजुरी नाही. मंजुरी नाही तर जी खडी पडलीच आहे ती पडली कशी, असा प्रश्न येईल. आणि तो तुमच्या सहीमुळे येईल."

"पर्यटक म्हणून जाऊ देसान का?"

"पर्यटक बाहेरचा लागतो. राहणार केळझर असं तुम्हीच लिहिलंय."

तानबानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चार वर्षांत प्रथमच त्याला अंगठ्याची आठवण आली.

सुलोचनाबाईनं बरणी उचलून साहेबांच्या टेबलावर, अगदी फाइलवर ठेवली. "साहेब, एक इचारू? रस्त्यावर कोणी येत नाई म्हन्ता. पण कोणी येत नाई, हे पाहाले कोण जाते?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. मग कपाटातून नियमांचं पुस्तक काढून बराच वेळ चाळलं. दरमहा निवांतपणाचा अहवाल वर जायचा होता. त्याला रोजच्या प्रत्यक्ष पाहणीचा आधार हवा होता, आणि तो कुठेच नव्हता. बरणीच्या वासात हा विचार लवकर पूर्णत्वाला गेला.

आठ दिवसांत हुकूम निघाला. श्री. तानबा भोयर यांची मानद निवांतता निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांनी रोज सकाळी सायकलनं मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावा, परत यावं, आणि मार्गावर कोणीही आलं-गेलं नाही असं रजिस्टरात लिहून सही करावी. निरीक्षकाला आवश्यक साहित्य जवळ ठेवता येईल. बरणी साहित्यात बसली. घंटी इशारा देण्याचं साधन म्हणून परत मिळाली.

तेव्हापासून दूध पुन्हा वेळेवर पोचू लागलं आणि पोर बाळसं धरू लागली. येता-जाता बाप भेटून गेल्याचं लेकीला कळे, सरकारला कळत नसे. रोज रजिस्टर लिहून तानबाचं वाचनही सुधारलं. आता तो काय खोटं लिहितो आहे हे पूर्ण वाचून, समजून, मगच सही करतो.

फाटकावर पर्यटकांसाठी वेगळी वही आहे. परवा नागपूरहून धीरज नावाचा एक शिकलेला तरुण जाड टायरची सायकल गाडीच्या टपावर बांधून आला. पहिल्या वळणापर्यंत गेला, फलकासह फोटो काढला, परत आला. चंद्रभाननं वही पुढे केली. वर बारीक अक्षरांत नियम, खाली सहीची जागा.

"वाचून घ्या साहेब," तानबा म्हणाला. तो बरणी धुऊन उन्हात पालथी घालत होता.

"त्यात काय वाचायचं?" धीरज हसला आणि एका झटक्यात सही करून निघूनही गेला.

तानबानं चष्मा लावला आणि नववा नियम बोट ठेवून, हळूहळू, पुरता वाचला: 'खाली सही करणार यांनी आपण या मार्गावर आलो नसल्याचं मान्य केलं आहे.' धीरजच्या सहीच्या वर सहाशे बारा सह्या होत्या. डॉक्टर होते, प्राध्यापक होते, दोन वकील होते. एकही अंगठा नव्हता.

तुम्हीही या कधी तरी. जागा फार निवांत आहे. पेन तिथेच, दोरीला बांधलेलं आहे. आणि एखादे वेळी तुम्ही येऊन गेलाही असाल. पण ते आता कोणाला सिद्ध करता यायचं नाही, तुम्हाला तर नाहीच.