दहा हातांवरचा पाहुणा

आमचे घरमालक काकाजी, त्यांच्या फाटकावर पाटी आहे : ‘कोणी येऊ नये. काम असल्यास फोन करावा. फोन उचलला जाणार नाही.’

पाटी वाचूनही मी आत गेलो. शूर म्हणून नव्हे. जायला दुसरी जागाच नव्हती. मी आटपाडीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. सोनं-चांदी गाळायच्या कामाला इथं अर्जुनी मोरगावला आलो. अनोळखी माणसाला खोली कोण देणार? काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बहुत बोलतोस का?”

“नाही जी.”

“मंग राय.”

त्याला चार वर्षं झाली. ते उपकार मी विसरलेलो नाही, आणि खोली जाईल या भीतीनं अजून मोठ्यानं खोकलेलोही नाही.

काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारली, मूलबाळ नाही. “मले कोनाची गरज नाही,” असं दिवसातून तीनदा म्हणतात. ऐकायला मी लागतो. रोज सकाळी सातला मात्र ते गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून मोबाईलसमोर बोलतात. “नमस्कार. पानी काल होता तेवढाच हाये. दोन बगळे. धन्यवाद.” संपला व्हिडिओ. तो इंटरनेटवर चढवायचं काम माझं. पाहणारे अकरा जण, त्यांत एक मीच.

उरलेल्यांतले एक वर्ध्याचे वानखडे गुरुजी. ते रोज खाली लिहायचे, ‘पाहिले.’ काकाजी उत्तर द्यायचे, ‘बरे.’ दोन वर्षं ही मैत्री एवढ्यावरच चालली. मला हसू यायचं. पण मीही आईला फोनवर ‘जेवलो’ यापुढं फारसं सांगत नाही, म्हणून हसू गिळायचो.

दिवाळीनंतर इकडं गावोगावी मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. आपल्या गावची मंडई असली की भेटेल त्याला ‘मंडईले या जी’ म्हणायचं आणि येईल त्याला जेवू घालायचं, ही जन्माची सवय. एका सकाळी काकाजींच्या तोंडून व्हिडिओच्या शेवटी तेच निघून गेलं. “सोमवारी मंडई हाये. या जी.” मी बावळटानं न ऐकताच व्हिडिओ चढवला. दुपारी गुरुजींनी लिहिलं, ‘येतो.’

काकाजींचा चेहरा उतरला. “काऊन चढवलास बे?”

“काढून टाकू?”

“बोलावल्यावर नको म्हनत नाही आमच्याकडं.” मग हळूच म्हणाले, “पन आला त बोलाचं काय त्याच्यासंग?”

सोमवारी मी कामाला दांडी मारली आणि वडे तळायला बसलो. पहिला घाणा जाळला. तेवढ्यात गुरुजी आले. किडकिडीत माणूस, पिशवी पोटाशी धरलेली. दोघांनी हात जोडले. गुरुजी ओसरीच्या या टोकाला बसले, काकाजी त्या टोकाला. मध्ये दहा हातांचं अंतर आणि ताटं घेऊन मी.

“ऊन आहे,” गुरुजी म्हणाले.

“हाये.”

मग अर्धा तास कोणी बोलेना. घाबरून मीच त्यांना चांदी कशी वितळते ते सांगायला लागलो. कोणी विचारलं नव्हतं.

अचानक काकाजींचा मोबाईल वाजला. ओसरीच्या या टोकावरून गुरुजींनी लिहिलं होतं, ‘वडे छान.’ काकाजींनी चष्मा लावला आणि एका बोटानं टिपलं, ‘आणखी घ्या.’ आता गुरुजींचा मोबाईल वाजला. त्यांनी ताट पुढं केलं. मी वाढलं.

नंतर तासभर दोन्ही मोबाईल वाजत राहिले. तोंडं बंदच. सगळं त्या तलावाच्या व्हिडिओखाली, अकराही जणांच्या देखत. गुरुजींनी विचारलं, ‘पत्नी केव्हा गेल्या?’ ‘सहा वर्षं.’ ‘माझी चार.’ ‘स्वयंपाक कोण करते?’ ‘भात मीच. पोळी जमत नाही.’ ‘मलाही नाही.’

चारच्या बसला काकाजी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेले. परत आले ते थेट खुर्चीत बसले. मी चहा दिला. तो तसाच निवत राहिला.

“बाबू, वर्ध्याले मंडई रायते का?”

“नाही जी. ती आपल्या इकडंच.”

काकाजींनी कप खाली ठेवला.

“मंग बिनामंडईचं कोनाच्या घरी जावं कसं?”

मी मोबाईल काढला आणि वर्ध्याच्या गाड्या शोधू लागलो. काकाजींनी खुर्ची ओढत माझ्याजवळ आणली.

“सकाळची पाह्य,” ते म्हणाले.