रोडग्याला दहापैकी सात

निवृत्तीनंतर घरी बसण्यापेक्षा अर्थशास्त्रात एम.ए. करावं, असं मी ठरवलं. (म्हणजे विद्यापीठात जाऊन चौकशी बायकोने केली, ठरवलं मी.)

सूक्ष्म अर्थशास्त्राला रश्मी मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, एकच पदार्थ खात गेलं की दर नगामागे समाधान घटत जातं. हा नियम स्वतः पडताळून आलेख आणा. आलेख नाही, तर परीक्षा नाही.

नेमकं त्याच रविवारी अकोल्याहून लेकीच्या सासरचं रोडग्यांचं आमंत्रण आलं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. शास्त्र आणि जेवण एकाच एस.टी.च्या तिकिटात! मी आलेखाचा कागद मांडीवर घेऊनच पंगतीला बसलो.

पहिल्या रोडग्याला दहापैकी दहा दिले. विहीणबाई खूश झाल्या. दुसऱ्याला, शास्त्राला स्मरून, सात.

विहीणबाईंच्या हातातली तुपाची वाटी हवेतच थांबली.

"काहून भाऊ, कच्चा राह्यला का?"

रोडगा उत्तमच आहे, फक्त समाधान घटलं आहे, नियमच तसा आहे, असं मी समजावलं.

"कोनाचा नियम? आमच्या घरी असा नियम नाई."

व्याही महादेवराव मान खाली घालून जेवत राहिले. (त्यांचा संसार चाळीस वर्षं का टिकला, ते मला कळलं.) पलीकडे लेक प्राजक्ता रडवेली झाली होती; तिला तिथेच नांदायचं होतं. मी सातचे अकरा केले. लगेच तिसरा आला. त्याला बारा. चौथ्याला पंधरा दिले, कारण बोलून नाही म्हणण्याइतकीही जागा पोटात उरली नव्हती.

अमरावतीला परतल्यावर मॅडमनी आलेख पाहिला. समाधान दहावरून थेट आभाळात.

"काका, असं माणसाचं होत नाही. उद्या खरा आलेख आणा, नाहीतर वर्ष गेलं."

घरी येऊन मी डोक्याला हात लावून बसलो. शालूने, म्हणजे आमच्या हिने, सगळं ऐकून घेतलं आणि पेन्सिल मागितली.

"तुमी रिटायर होऊन घरी बसले, तो हा पयला दिवस. बरं वाटलं. हा दुसरा. हा तिसरा." बोलता बोलता तिची रेघ शून्याखाली उतरली. "इथं मी विद्यापीठात गेली."

मॅडमनी तो आलेख साऱ्या वर्गाला दाखवला. इतका निर्दोष आलेख त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

"काका, वस्तू कोणती घेतली होती?"

"घरातलीच आहे," मी म्हणालो. "जुनी. परत कोणी घेत नाही."