रामटेकेभाऊंचा चौकीदार

चंद्रपूरच्या जाहिरातवाल्याने मला फसवलं, असं मी बरेच दिवस दिसेल त्याला सांगत होतो. मग कळलं की फसवलं आमच्या शेजारच्या रामटेकेभाऊंनी. आता तर तेही छातीठोकपणे सांगता येत नाही. फसवला गेलो मी, एवढं मात्र पक्कं.

गोंडपिपरीत मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलून देत शिकलो, आज घराला लागून स्वतःचं आवार आहे. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून मालक किती खोटं बोलतोय ते मला कळतं. अशा माणसाला शेजाऱ्याच्या फ्रिजवर ठेवलेल्या साबणाच्या डबीने गंडवावं, हे माझ्या जिव्हारी लागलं आहे.

रामटेकेभाऊ टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झाले. त्यांच्या फाटकात कोणीही आलं तरी ते 'या, बसा' म्हणत नाहीत. विचारतात, "कोनी पाठवलं?" लग्नाची पत्रिका आणणाऱ्याला हेच, मीटर बघायला येणाऱ्याला हेच. एकदा एक गाय आत शिरली, तिलाही हेच विचारलं. माझी बायको मंदा वडाभात द्यायला गेली, तर तिला म्हणाले, "कोनी पाठवलं?"

"मीच आली भाऊ."

"मंग ये."

दुसरी खोड म्हणजे घराबाहेर पडताना ते फोनचं नेट बंद करतात. का, तर म्हणे, "बाहेर फोन झोपला पायजे."

आमच्या दोन घरांत इंटरनेट एकच. मशीन त्यांच्या घरी, बिल अर्धं-अर्धं. भाऊ एकटे, आमच्याकडे दोन माणसं आणि वर आवाराचा धंदा, तरी मी अर्ध्यावर तोडलं, कारण सौदा म्हटला की माझी जीभ थांबत नाही. भाऊ लगेच म्हणाले, "अर्धं तं अर्धं. पन मशीनले हात लावाचा नाई." मी जिंकून घरी आलो. समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की टाकीत कुठंतरी गळती असते, हे मी शेतकऱ्यांना सांगतो. स्वतःला सांगायचं राहिलं.

सोयाबीन निघालं की लोक ट्रॅक्टर बघत फिरतात. तेव्हा मी चंद्रपूरच्या एका माणसाकडून बातम्यांच्या वेबसाइटवर जाहिरात लावून घेतली. लाल ट्रॅक्टर, शेजारी हाताची घडी घालून मी. घरी बसून वेबसाइट उघडली. बातम्या होत्या, मी नव्हतो.

गेलो चंद्रपूरला. त्याने त्याच्या फोनवर दाखवलं, मी होतो. माझ्या फोनवर दाखवलं, तिथंही होतो. घरी आलो, मी गायब. दुसऱ्यांदा गेलो.

"तुमची जाहिरात चंद्रपुरातच चालते का?"

"साहेब, जिल्हाभर चालते."

"मग माझं घर जिल्ह्यात नाही का?"

त्याने पुन्हा माझाच फोन माझ्यासमोर धरला आणि मी पुन्हा त्यात हाताची घडी घालून उभा. लबाडी अशी असते, की ती डोळ्यांसमोर खरी दिसते. मी त्याला चार माणसांदेखत बोलायचं ते बोललो आणि परत निघालो.

आवाराच्या फाटकात गाडी लावली, फोन उघडला, तर मी दिसलो. मंदाला दाखवायला आत गेलो, तर नाही. फाटकात आलो, आहे. अंगणात गेलो, नाही. डोकं चालेना. फोन उंच धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, मागे मागे चालत पाहिलं. भाऊ ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत बसले होते.

"काऊन गा सुधाकर, फाटकाले प्रदक्षिणा घालून राह्यला?"

"भाऊ, मी फाटकात दिसतो, अंगणात दिसत नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मले तं दोन्हीकडं दिसून राह्यला बाप्पा."

मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, डाळीचं सूप बाजूला ठेवलं आणि मला घरात नेलं. फ्रिजवर भोकं पाडलेली साबणाची डबी. आत पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर, ना पडदा, ना बटणं, नुसता हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हा चौकीदार. कोनतंही पान उघडलं का तुह्या फोन पत्ते इचारते. बातमी कुठी राह्यते, फोटो कुठी राह्यते, जाहिरात कुठी राह्यते. बातमीचा पत्ता हा देते. जाहिरातीचा इचारला का सांगते, असं कोनी नाई."

"सगळ्यांना?"

"व्हिडिओतले याच्या बापालेबी आवरत नाई. बाकी सगळे. जिंदगीभर लाइनी जोडल्या, आता न जोडाचं काम धरलं."

म्हणजे फाटकात वायफाय पोचत नव्हतं, तिथं फोन स्वतःच्या नेटवर चालायचा आणि मी दिसायचो. अंगणात पाऊल टाकलं की चौकीदार सांगायचा, सुधाकर नावाचं इथं कोणी नाही. माझ्याच अंगणात, माझ्याच अर्ध्या बिलावर.

मी भडकलो. म्हटलं, "माझी तेवढी सोडा."

"एकट्याले नाई सोडता येत. तू ज्या गाडीत बसून येतं, तिच्यातच सगळे येते. फाटक उघडलं का अख्खी गाडी आत."

"मग अख्खी येऊ द्या. अर्धा हिस्सा माझा आहे."

"सुधाकर, नको ना गा."

भाऊ कधी 'नको ना' म्हणत नाहीत. समोरचा नरम पडला की मी जोर लावतो, ती माझी धंद्याची सवय. "एक तासभर उघडा. मंदाला दाखवू द्या."

त्यांनी स्वतःच्या फोनवर काहीतरी दाबलं. मग तिथंच बातम्यांची वेबसाइट उघडली आणि फोन माझ्या हातात दिला. "पाह्य तुले."

मी होतो. ट्रॅक्टर होता. जरा खाली सरकवलं तर हवा भरायची गादी, तिच्यावर हसणारी म्हातारी, आणि खाली, 'अंथरुणाला खिळलेल्या आपल्या माणसासाठी'. त्याखाली चाकांची खुर्ची. त्याखाली पुन्हा तीच गादी.

भाऊंच्या बायकोला, शशीबाईंना, जाऊन तिसरं वर्ष लागलं. शेवटी त्या अंथरुणावरच होत्या. पाठीला जखमा व्हायला लागल्या म्हणून भाऊंनी फोनवर शोधून हीच गादी मागवली होती. पार्सल आलं तेव्हा बाई गेल्या होत्या आणि आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. पार्सलवाला फाटकात उभा राहिला. भाऊ उठून त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "कोनी पाठवलं तुले?" त्याच्या आधी त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं.

भाऊंनी फोन परत घेतला, गादीवरच्या म्हातारीकडे पाहिलं आणि उलटा करून ठेवला.

"याइले कोनी सांगतलंच नाई. रोज इचारत होते, बाईले गादी पायजे का. कुठीबी. मंग चौकीदार बसवला."

"चौकीदार परत चालू करा भाऊ."

"तुह्या तास बाकी आहे."

"राहू द्या. मला फाटकात दिसतंय तेवढं पुरे."

आता मंदाला जाहिरात दाखवायची तर मी तिला रस्त्यावर नेतो. लोक हसतात. चंद्रपूरच्या माणसाला मी बोललो ते वाया गेलं, आणि भाऊंवर धरलेला राग कुठं ठेवावा ते कळत नाही. डबी कशी चालते हेही मला अजून नीट उमगलेलं नाही.

पण एक हिशेब मला कोणीतरी समजावून द्यावा. शशीबाई अंथरुणाला खिळल्या, हे त्या जाहिरातवाल्यांना न सांगता, भाऊंनी नुसती गादी शोधली त्यावरून, दुसऱ्या दिवशी कळलं. मग त्या गेल्या, हे तिसरं वर्ष लागलं तरी कसं कळत नाही? गादी विकणारा असो, की खबर ठेवणारा असो, जो कोणी असेल त्याने गोंडपिपरीला यावं. घर मी दाखवतो. रामटेकेभाऊंच्या फाटकात उभं राहावं आणि ते जे विचारतील त्याचं उत्तर द्यावं.