अठ्ठावन्न किलोची पोरगी

श्यामसुंदर कर्णिक रिटायर झाले आणि कांदिवलीच्या त्या दोन खोल्यांमध्ये दिवसभर माणिकताईंच्या पायात पायात येऊ लागले. मेथी निवडायला बसले की देठं ठेवायचे आणि पानं टाकायचे. शेवटी माणिकताईच म्हणाल्या, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या. आणि तो स्वयंपाकघराच्या बाहेरचा असू द्या."

छंद होता. फक्त घरात सांगण्यासारखा नव्हता. ऑफिसात डब्याच्या सुट्टीत ते आणि अंधेरी गावठाणातला नेव्हिल घोड्यांच्या रेसचं पुस्तक उघडून बसायचे. पैसा कधी लावला नाही, नुसता अभ्यास! कुठला घोडा कुठल्या जॉकीला वश आहे, त्याचे आईबाप कोण, हँडिकॅपरनं त्याच्या पाठीवर किती वजन टाकलंय. (चांगल्या घोड्याला जास्त वजन, रड्याला कमी, म्हणजे सगळे साधारण बरोबरीनं पळावेत. ऑफिसात साहेब आपल्याच टेबलावर जास्त फायली टाकतात त्यामागेही हेच तत्त्व असावं, असं श्यामसुंदर शेवटपर्यंत मानत आले.)

त्यांनी नेव्हिलला फोन लावला.

"नेव्हिल, या रविवारी काँटेस्ट घेऊ या. महालक्ष्मीच्या सगळ्या रेस. प्रत्येकानं आपापला घोडा आधी सांगायचा, बरोबर आला की मार्क."

"झकास यार!" नेव्हिल ओरडलाच. "आमची क्लॅरिस मैद्याचे गोल गोल फुगे तळेल. तिच्या हातचे फुगे म्हणजे तुला माहीतच आहे, तेलातनं निघाले की अर्धे मीच खातो. जिंकेल त्याला अख्खा डबा!"

श्यामसुंदरांच्या अंगात वारं शिरलं. नेव्हिलनं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'रविवार' नावाचा ग्रुप काढला. आता योगायोग असा, की माणिकताईंनीही त्याच आठवड्यात 'रविवारची भेट' नावाचा ग्रुप काढला होता. त्यांचा मुलगा ओजस आणि मुलुंडची गार्गी यांचं एकमेकांशी जमलं होतं. गार्गीचे आईवडील, अस्मिताताई आणि कुंडलिकराव, रविवारी सकाळी पोह्यांना येणार होते. गार्गीचं याआधी पुण्यात एकदा लग्न ठरलं होतं आणि ऐनवेळी तिनंच ते मोडलं होतं. "तो विषय तोंडातून काढायचा नाही," अशी माणिकताईंची नवऱ्याला सक्त ताकीद होती.

श्यामसुंदरांनी तो विषय काढला नाही. त्यांनी फक्त शनिवारी सकाळी बाल्कनीत उभं राहून, चष्मा डोक्यावर ठेवून, नेव्हिलसाठी एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला.

"हां, ऐक. मी पोरगी नक्की केली. दिसायला देखणी, चालणं तर बघत राहावं असं. पण जड आहे रे. अठ्ठावन्न किलो! एवढं वजन घेऊन शेवटपर्यंत दम टिकेल का, हा प्रश्न आहे. शिवाय पुण्याला काय झालं ते ठाऊक आहे ना? ऐनवेळी बिचकली. सगळे तयार आणि ही जागची हलेना! बाप खानदानी होता, पण आता काही उपयोगाचा राहिला नाही. आईकडून तर आनंदच आहे. तरी मी म्हणतो, डोळ्यांना झापडं लावली आणि लगाम धरणारा खमक्या असला, तर पोरगी काढून नेईल. चाबूक दाखवला की सुतासारखी सरळ! रविवारी ही आपलीच!"

मेसेज गेला. नेव्हिलचं उत्तर येईना. श्यामसुंदरांना वाटलं, गार पडला बेटा. म्हणून त्यांनी आणखी एक पाठवला: "आणि दमाचं टेन्शन घेऊ नको. आदल्या दिवशी खायला कमी घालतात."

दुपारी बेल वाजली. श्यामसुंदर अर्ध्या चड्डीवर, हातात रेसचं पुस्तक घेऊन दार उघडायला गेले. बाहेर कुंडलिकराव उभे. चेहरा लालबुंद. त्यांच्यामागे अस्मिताताई आणि गार्गी.

"अरे वा! या, या! आजच आलात?" श्यामसुंदर म्हणाले. "मी उद्याचीच तयारी करतोय."

"ऐकली आम्ही तुमची तयारी," कुंडलिकराव आत येत म्हणाले.

"ऐकलीत? नेव्हिलनं पुढे पाठवलं वाटतं!" श्यामसुंदर फुलले. व्याहीसुद्धा शौकीन निघावेत, याहून आणखी काय हवं! "मग, तुमचं काय मत?"

"मत? अठ्ठावन्न किलो हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला हवं? पुस्तकात छापलंय की!"

"छापलंय?" अस्मिताताई सोफ्यावर बसल्या.

"सगळ्या मुंबईला माहीत आहे. आणि जड म्हणजे वाईट नव्हे हं. जी उत्तम, तिच्यावरच जास्त वजन."

"आणि पुण्याचं?" कुंडलिकरावांनी दातओठ खात विचारलं.

"पुण्याचा तर व्हिडिओ आहे यूट्यूबवर. दाखवू?"

अस्मिताताईंनी पदर तोंडाला लावला. "आणि आईकडून आनंद म्हणजे काय हो? काय केलंय आईनं?"

"काहीच नाही, तेच तर दुखणं आहे! उभ्या जन्मात तिनं एक रेस जिंकली नाही."

मग गार्गीनं हळूच विचारलं, "काका, तुम्ही घोडीबद्दल बोलताय का?"

"मग कोणाबद्दल?"

गार्गीनं उत्तर न देता आपला मोबाइल पुढे धरला. ग्रुपचं नाव होतं 'रविवारची भेट'. खाली आवाज सुरू झाला, "हां, ऐक. मी पोरगी नक्की केली..." माणिकताई झारा हातात घेऊन स्वयंपाकघरातून आल्या, चाबकापर्यंत ऐकलं आणि भिंतीला टेकल्या. झोपेतून उठून आलेला ओजस "बाबा!" एवढंच म्हणाला. पोराच्या लग्नाची आपण आपल्या तोंडानं वाट लावली, हे श्यामसुंदरांना कळून चुकलं. "माफ करा हो," ते पुटपुटले. "देवाशपथ, घोडीच होती."

आणि गार्गी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "काका, मी बासष्ट आहे!"

कुंडलिकराव मात्र हसले नाहीत. त्यांनी श्यामसुंदरांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

"घोडी कुठली?"

"कोरल लेडी."

"कोरल लेडी! आणि तिची आई एक रेस जिंकली नाही म्हणता? अहो, सिल्व्हर टाइडची पोर ती! सिल्व्हर टाइडनं बंगलोर नुसतं गाजवलं होतं, मी स्वतः..."

इथं ते थांबले. पण उशीर झाला होता. अस्मिताताईंनी पदर तोंडावरून काढला आणि सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्ही स्वतः काय?"

त्यानंतरची दहा मिनिटं कर्णिकांच्या घरात भांडण होतं, पण ते मुलुंडचं होतं. माणिकताईंनी त्यात चहा दिला. जाताना कुंडलिकराव दारात श्यामसुंदरांच्या कानाशी म्हणाले, "काँटेस्टमध्ये मला घ्या. आता घरी कळलंच आहे."

रविवारी पोहे झाले, पण पाहुणे उठेनात. दुपारी नेव्हिल आणि त्याची बायको क्लॅरिस फुग्यांचा डबा घेऊन आले. अस्मिताताई "मला यातलं काही कळत नाही" म्हणत पुढच्या खुर्चीत बसल्या. पहिल्या रेसपासून टीव्हीसमोर अशी आरडाओरड, की खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली.

मग कोरल लेडीची रेस आली. गेट उघडलं आणि ती बाणासारखी सुटली! अख्खं घर उभं राहिलं. "चल गं पोरी!" गार्गी किंचाळली. श्यामसुंदर सोफ्यावर चढून हवेत लगाम ओढत होते. वळणापर्यंत कोरल लेडी सगळ्यांच्या पुढे. वळणानंतर ती संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखी रमतगमत चालू लागली. एकेक घोडा तिला ओलांडून गेला. ती शेवटची आली.

डबा कुंडलिकरावांनी जिंकला. दुसरी गार्गी. चित्रं बघून घोडे निवडणाऱ्या अस्मिताताई तिसऱ्या. श्यामसुंदरांचा दिवसभरात एकही घोडा आला नव्हता.

फुगे खाता खाता लग्नाचं पक्कं झालं. कुंडलिकरावांनी खुशीत येऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि श्यामसुंदरांपुढे धरलं. "मुलाचे वडील तुम्ही. बोला, सोळा, अठरा की एकवीस?"

श्यामसुंदरांनी डोळे मिटले, नीट विचार केला आणि ठामपणे म्हणाले, "सोळा."

मग माणिकताई कुंडलिकरावांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? म्हणजे आता राहिल्या अठरा आणि एकवीस."