विलायतेचे टिंगल

अब्बांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मयतीनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, अख्ख्या जमातीसमोर उभं राहून आपण आडनाव बदलल्याचं जाहीर करायचं, असं रमजानभाईंनी ठाम ठरवलं होतं. "टिंगल हे नाव अब्बांसंगंच मातीत गेलं म्हणून समजा!" असं ते बारामतीतल्या आपल्या चपलांच्या दुकानात बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक गंभीरपणे मान हलवी, आणि बाहेर पडलं की 'टिंगल फुटवेअर' ही पाटी वाचून फिस्सकन हसे.

आता असल्या आडनावाचं माणसानं करायचं तरी काय? शाळेत हजेरी त्यांच्या नावापाशी आली की मास्तर आधी पोटभर हसून घेत. निकाहाच्या वेळी तर मागून कुणीतरी ओरडलं होतं, "नवरीला टिंगल कबूल हाय का विचारा!" हे सगळं रमजानभाईंनी गिळलं होतं. पण अब्बा गेले, तेव्हा 'इमाम टिंगल यांचे दुःखद निधन' असा निरोप मोबाईलवर फिरला, आणि त्याखाली लोकांनी हसरी तोंडं टाकली. त्यांना वाटलं, कुणीतरी गंमत करतंय! एकानं तर 'भारी हाय' असंही लिहिलं. निम्मे लोक मयतीला आलेच नाहीत. जनाजा नेताना रमजानभाईंचा खांदा भरून आला, तरी बदलायला माणूस मिळेना. ते दुखणं खांद्यातून गेलं, मनातून गेलं नाही.

चाळिसावा जवळ आला, तेव्हा त्यांची कॉलेजात शिकणारी लेक मेहरीन मोबाईल घेऊन धावत आली. "पप्पा, नाव बदलू नका! हे इंग्रजी आडनाव हाय!"

"आता तू पण टिंगल करायला लागलीस व्हय?"

"खरंच! इंग्लंडात यॉर्कशायर म्हणून मुलूख हाय, तितं टिंगल आडनावाची माणसं हायत. लई न्हाईत, थोडीच. जुन्या भाषेत टिंगल म्हंजे बारीक खिळा. खिळं करणारी माणसं ती टिंगल!"

रमजानभाई हातातल्या चपलेच्या खिळ्याकडं बघतच राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांची छाती पुढं आली. "रशीदा!" त्यांनी बायकोला हाक मारली. "आपण विलायतचे हाय!"

"मग जरा गोरं तरी व्हायचं," रशीदाभाभी भाकरी थापता थापता म्हणाल्या.

पण रमजानभाई आता कुणाचं ऐकतात! शेजारच्या हॉटेलवाल्या संभाजीला त्यांनी चहा पिता पिता सगळं सांगितलं. संभाजीनं विचारलं, "पर रमजानभाई, यॉर्कशायरचं नाव बारामतीत आलं कसं?" झालं! रमजानभाईंनी उत्तर जागेवरच तयार केलं. "आमचं आजोबा दगडूभाई वालचंदनगरला ऱ्हायचं. तितं टिंगल नावाचा गोरा साहेब आलता. आजोबांचा आन त्याचा लई घरोबा! आमची आजी त्याच्या बंगल्यावर सैपाकाला होती!"

असा कुठलाही साहेब रमजानभाईंनी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता, आणि आजीनं घराबाहेर कधी चूल पेटवली नव्हती. पण गोष्ट अशी छान जमली की त्यांनाच खरी वाटायला लागली.

संभाजीच्या हॉटेलातून गोष्ट निघाली ती उसाच्या ट्रॉलीसारखी, फक्त वाटेत जो तो कांडं ओढायच्या ऐवजी एकेक वर चढवणारा. इंदापूरला पोचेपर्यंत रमजानभाईंना विलायतेत बंगला लागला होता. लोणी देवकरला कारखान्यात असलेल्या त्यांच्या पुतण्याचा, अरफातचा, फोन आला. "चाचा, मी पासपोर्ट काढू का? का तुमी सगळ्यांचं एकदम करताय?"

चाळिसाव्याला गर्दी उसळली. मयतीला न आलेले सगळे आले! रमजानभाईंना बरं वाटलं. अब्बा हयात असते तर दारात उभे राहून एकेकाचा हात धरून आत घेत बसले असते.

फातिहा झाला, पंगत बसली. वालचंदनगरहून मेहजबीन फुफी आली होती. अब्बांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, घराण्यात उरलेलं एकच जुनं माणूस. तिच्यासमोर पणदऱ्याचे सावळाराम आबा बसले होते. अब्बांचे जिवलग दोस्त, पण कानानं ठार बहिरे; कानाशी कुणी ओरडलं तरच त्यांना कळे. त्यामुळं आबांची कुजबूज म्हणजे देवळावरचा भोंगाच! ते शेजाऱ्याच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले,

"इमामचा बाप गोरा साहेब व्हता म्हणत्यात! दगडूची बायको बंगल्यावर सैपाकाला व्हती, तवाचं व्हय हे?"

पंगतीतले सगळे हात ताटातच थांबले.

फुफीनं घास खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

सगळ्यांनी रमजानभाईंकडं बघितलं.

"फुफी, तसं न्हाय... मी नुसतं आडनावाचं सांगत व्हतो..."

"आडनाव?" फुफी म्हणाली. "आपण मूळचं मुलाणी! माझा बाप रेशनकार्ड काढाय गेला. कारकून टकला व्हता. बाप त्याला म्हणला, 'सायब, डोक्यावर एक केस ऱ्हाईना, तितं टोपी कशी ऱ्हाती?' कारकून भडकला. 'लई टिंगल करतोस व्हय? मग हेच तुझं आडनाव!' आन दिलं लिहून! बापाला वाचता येत न्हवतं. कळलं तवा पोरांची नावं बी शाळंत लागली व्हती."

कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं. अरफातनं तोंडावर रुमाल धरला. आणि बघता बघता चाळिसाव्याची पंगत लग्नाच्या पंगतीसारखी खदखदायला लागली. सावळाराम आबांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

फुफी मात्र हसली नाही. तिनं हात धुतला, पिशवी उचलली आणि चालू लागली.

रमजानभाई तिच्यामागं एसटी स्टँडवर पळाले. "फुफी, चुकलं माझं. जेवून तरी जा."

फुफी त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, "तुझा बाप जलमभर लोकांचं हसू सोसत ऱ्हायला. पर त्यानं आईला कधी त्यात ओढली न्हाय." एवढं बोलून ती गाडीत चढली आणि खिडकीकडं पाठ करून बसली. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी रमजानभाई तिथंच उभे होते. आपण अब्बांना दुसऱ्यांदा पुरलं, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड पाडून दुकान उघडलं. पणदऱ्याचा गेणबा खास गाडी करून आला होता, पोराच्या लग्नासाठी.

"रमजानभाई, ते विलायती बूट दाखवा."

"विलायती कुठलं? समदे हितलेच हायत."

"आन तुमी? इंग्लंडचं नव्हं का?"

रमजानभाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "न्हाय बाबा. बारामतीचेच."

"मग ऱ्हाऊ द्या!" गेणबा उठला. पायरीवर जरा थांबला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "पर तिकडचं कुणी पाव्हणं आलं, तर आठ नंबरचे बूट आणाय सांगा."

"व्हय," रमजानभाई म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय!