नव्या कर्नलवर आईचा डाव

"जुना प्रोग्रॅम मोडायचा नाही, हे कर्नलचं ब्रीदच असतं, बाबा," धाकटा म्हणाला. थाट असा, की ब्रीद जणू त्यानंच घालून दिलं होतं.

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. त्याच्या हुकमाशिवाय आत पान हलत नाही. बाबांच्या संगणकातला कारभारी इतका थकला होता, की परगावच्या ताईचा व्हिडिओ कॉलही लागेना. धाकटा कंपनीत अशा कारभाऱ्यांच्या बदल्याच करायचा. घरचा एक म्हणजे हातचा मळ.

"आणि बुद्धिबळ?" बाबांनी विचारलं.

बुद्धिबळ आईनं लिहिलं होतं. नोकरीत जन्मभर प्रोग्रॅम लिहिले, निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःच्या खेळाची सगळी रीत त्यात उतरवली. ती गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी तिच्याशी एक डाव मांडायचे आणि हरायचे.

"एका प्याद्यालाही धक्का लागणार नाही," असं म्हणून धाकट्यानं नवा कर्नल चढवला. जागा पुरेना, म्हणून जुना पुसूनही टाकला.

ताई पडद्यावर ठसठशीत दिसू लागली. बुद्धिबळ मात्र उघडेना. धाकट्यानं जुन्या फायली शोधून त्याच्याभोवती रचल्या, रुसलेल्या जावयाची मनधरणी करावी तसे हरप्रकार केले. शेवटी पट उघडला.

बाबांनी प्यादं सरकवलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं.

"हिला कसली घाई?" बाबा पुटपुटले.

थोड्याच वेळात ते जिंकले. खुर्चीत मागे टेकले आणि हरल्यासारखे बसून राहिले.

"काय केलंस रे, दिवट्या?" पडद्यावरून ताईनं विचारलं.

धाकट्यानं आत डोकं घातलं. आईचा प्रोग्रॅम कर्नलच्या घड्याळाचे ठोके मोजून ठरावीक वेळ विचार करायचा. नव्या कारभाऱ्याचे ठोके भराभर पडत होते, त्यामुळे विचार सुरू होण्याआधीच वेळ संपत होता. यावर त्यानं झटपट तोड काढली : प्रत्येक चालीआधी सक्तीचा थांबा.

दुसऱ्या डावात आई थांबली. बराच वेळ थांबली आणि हत्ती फुकट देऊन मोकळी झाली. बाबा पुन्हा जिंकले.

"आधी विचार करायची," ते म्हणाले, "आता नुसती थांबते."

धाकटा पुढे झाला. "बाबा, मला थोडा वेळ द्या. प्रोग्रॅमला जुन्या गतीचे ठोके दाखवता येतात. रविवारपर्यंत पहिल्यासारखी करतो."

बाबांनी तोवर तिसरा डाव मांडला होता. धाकटा खुर्चीमागे उभा राहून बघू लागला. चार चाली बऱ्या झाल्या आणि बाबांनी आपला वजीर उचलून सरळ तिच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

"अहो बाबा, वजीर मरतोय."

"मरू दे."

"चाल परत घेता येते. हे बटण—"

"गप बस. लागोपाठ दोनदा हरलीय ती."

प्याद्यानं वजीर खाल्ला. मग बाबांनी हत्ती दिला, घोडा दिला, आणि राजाला कोपऱ्यात नेऊन कोंडून घेतलं. डाव संपला तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवला होता.

"रविवारी नक्की दुरुस्त करतो," धाकटा म्हणाला. "मग तुम्हाला असं मुद्दाम हरावं लागणार नाही."

"सवकाशीनं कर," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "शेवटच्या आजारपणात अशीच खेळायची. तेव्हाही मीच हरायचो."