टाकीमागची हवा

दुपार झाली, पडद्यावर शहराचा पूर्व भाग पुन्हा लाल झाला आणि हवेचा अंदाज सांगणारे साहेब चक्रावले. उपग्रह वरून म्हणत होता, हवा झकास. साहेबांच्याच घराच्या गच्चीवरचं प्रदूषण मोजणारं यंत्र मात्र बोंबलत होतं. दोघांचं जुळलं नाही तर यंत्राचं खरं मानायचं, हा नियम साहेबांनीच घालून ठेवलेला. अंदाज गेला: परवापर्यंत हवा वाईट, मैदानावर जाऊ नका.

तासाभरात लेकीचा फोन.

"पप्पा, परवाची शर्यत तुम्ही रद्द करताय?"

"मी नाही गं, यंत्र..."

"यंत्र कुणाचं?" तिचा आवाज रडवेला झाला. "मी रोज पहाटे उठून धावले!"

साहेबांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. रोज दुपारीच का? आणि आपल्याला सुट्टी असली की हवा सुधारते कशी? जवळपास कारखाना नाही, रस्त्याचं काम नाही. उपग्रहाला दिसत नाही असं गच्चीवर आहे तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चोरपावलांनी स्वतःच्याच घराचा जिना चढले. पाण्याच्या टाकीमागे, उलट्या बादलीवर, अण्णा बसले होते. साहेबांचे वडील. सिगारेट सोडल्याला वर्ष झालं म्हणून सगळ्यांकडून कौतुक करून घेतलेले. धूर खाली घरात जाऊ नये म्हणून ते तोंड वळवून सोडत होते, थेट यंत्राच्या नळीत.

"अण्णा!"

"हळू! तुझी आई खाली आहे."

"अहो, तुमच्या सिगारेटीने अर्धं शहर घरात कोंडलंय!"

अण्णांनी सिगारेटकडे आदराने पाहिलं. "एवढी ताकद आहे हिच्यात?"

"तुमच्या नातीची शर्यत रद्द होतेय."

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी सिगारेट विझवली, पाकीटही मुलाच्या हातात दिलं. "संपलं. तिला सांगू नकोस."

साहेबांनी अंदाज सुधारला, शर्यत झाली. लेक तिसरी आली आणि हवेला दोष देण्याची सोय उरली नाही.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "आई, ते यंत्र टाकीमागून हलवतो. जागा चुकलीच."

"खबरदार!" भाजी चिरता चिरता आई म्हणाली. "तिथेच बसव म्हणून मी उगाच हट्ट धरला होता का?"

साहेबांनी यंत्र हलवायचा बेत तिथेच सोडला.

"बरं, आजची हवा कशी होती?" आईने विचारलं.

"एकदम स्वच्छ!" आतल्या खोलीतून अण्णांनीच उत्तर दिलं.